रत्नागिरीहून लंडनला सहा कॅनव्हास: पेटी, कागद आणि भिंतीवरचे शब्द

शिल्पकार-चित्रकार सदानंद बाकरे 1951 मध्ये लंडनला गेले आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर परत येऊन दापोली तालुक्यातल्या मुरुडला राहिले. मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी ते एक. त्यांच्या आधी, 1949 मध्ये, बार्देशातल्या साळगावात जन्मलेले, याच ग्रुपचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा लंडनला पोचले होते. सूझांना तिथे खरं दार उघडलं ते 1955 मध्ये, आणि ते नुसत्या चित्रांनी उघडलं नाही. स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या 'एन्काउंटर' या इंग्रजी मासिकात त्यांचा स्वतःबद्दलचा लेख आला, त्याच वर्षी व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन झालं. चित्राशेजारी चित्रकार उभा होता, बोलत होता, लिहीत होता, वेळ पडली तर भांडतही होता.

आता बहुतेक वेळा चित्र एकटंच जातं आणि चित्रकार रत्नागिरीत किंवा सावंतवाडीत बसून मोबाइलवर पार्सल कुठवर पोचलं ते बघत राहतो. तिथे उभं राहून जे तोंडाने सांगितलं असतं, ते सगळं आधीच लाकडात, कागदात आणि ऐंशी शब्दांच्या मजकुरात घालून पाठवावं लागतं. आधुनिक कला सीमेपलीकडे नेण्यात चित्रकाराचा वाटा कोणता, असं विचारलं तर आमच्या मते अर्धाअधिक वाटा हाच. सहा कॅनव्हास विक्रीविना भरलेल्या एका गटप्रदर्शनासाठी लंडनला गेले आणि परत आले. त्या खेपेत जे करावं लागलं ते पुढे मांडलं आहे.

सुरुवात हवेपासून. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 85 ते 95 टक्क्यांवर असते आणि बुरशीला 70 टक्के पुरतात. मृगापासून चतुर्थीपर्यंत पेटी भरायचीच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर सुतार आणि टेम्पो दोन्ही आंब्याच्या मागे लागतात, तेव्हा चित्राच्या पेटीला कोणी विचारत नाही. चित्र तयार करतानाच पुढचा प्रवास डोक्यात हवा. कॅनव्हासला सरस किंवा खळ लावलेली असेल तर बुरशीला ते आयतं जेवण आहे, म्हणून अ‍ॅक्रिलिक साइझ, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायचं अ‍ॅक्रिलिकचं अस्तर, वापरावं. ताणताना लोखंडी चुका किंवा साध्या स्टेपल पिना मारल्या तर खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात गंज धरतात आणि कडेच्या कापडाला भोकं पडतात. स्टेनलेस पिना घ्याव्या. चौकटीला आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याला भुंगा लागतो. पिठासारखा भुसा परदेशातल्या दालनाच्या जमिनीवर सांडला की पुन्हा बोलावणं येत नाही. मुरलेला साग किंवा भट्टीत सुकवलेलं पाइन बरं. ऑइलमधलं चित्र हाताला कोरडं लागतं म्हणजे वाळलं असं नाही. जाड थर असेल तर वर्षभरही आतून मऊ राहतो आणि वरच्या कागदाला चिकटतो.

गुंडाळून पाठवायचं की चौकटीसकट, हा पहिला मोठा निर्णय, आणि त्याचं उत्तर विमान कंपनीच्या हिशोबात असतं. हवाई मालाचं वजन दोन तऱ्हांनी काढतात: काट्यावरचं, आणि लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागलेलं. जे जास्त त्याचे पैसे. कुरिअरवाले बहुधा 5000 ने भागतात, म्हणजे तीच पेटी तिथे आणखी जड होते.

आमचे कॅनव्हास 100 बाय 120 सेंटिमीटरचे. चार चित्रांची पेटी धरली तर बाहेरून 140 लांब, 30 रुंद आणि पायासकट 130 उंच. गुणून भागलं की 91 किलो, दर चित्राला जवळपास 23. सहांची पेटी 38 रुंद होते. तिचे 115 किलो, म्हणजे चित्रामागे 19. शिवाय 30 सेंटिमीटरच्या पायावर उभी असलेली पेटी गोदामात कोणाचाही धक्का लागला की कलंडते. 38 ला ती जरा तरी पाय रोवून उभी राहते. म्हणून सहा. तेच सहा कॅनव्हास गुंडाळले असते तर 30 बाय 30 बाय 130 च्या खोक्यात 19.5 किलोत गेले असते. मोह होतो. पण तिकडे चौकटी बनवून पुन्हा ताणायला माणूस आणि पैसे लागतात, आणि सगळी चित्रं गुंडाळण्याजोगी नसतात. प्रभाकर बरवे, जे अलिबागजवळच्या नागावात जन्मले, कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरायचे. असा कडक रंग वाकवला तर तडे गेलेच समजा. अ‍ॅक्रिलिक आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरासारखं लवतं, पण 5 अंशांच्या आसपास काचेसारखं वागतं. लंडनच्या जानेवारीत पोचल्या पोचल्या नळकांडं उघडून चित्र उलगडलं, तर ते तडकणार आणि खापर विमानावर फुटणार.

गुंडाळायचंच असेल तर नळी किमान 15, शक्यतो 20 सेंटिमीटर व्यासाची हवी आणि रंग बाहेरच्या बाजूला. लोक रंग आत ठेवतात, जपायचं म्हणून. आतल्या बाजूला रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो आणि उचकटतो. बाहेर असला तर थोडा ताणतो आणि चित्र सपाट केलं की पुन्हा जागेवर बसतो.

पेटीचं लाकूड हा दुसरा अडथळा. आंबा परदेशी पाठवणाऱ्या बागायतदाराला उष्णजल प्रक्रिया ठाऊक असते: फळमाशी हद्दीपलीकडे जाऊ नये म्हणून. लाकडाचं तसंच आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार, ज्याला आयएसपीएम-15 म्हणतात, साध्या लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवावा लागतो आणि तसा गव्हाच्या लोंबीचा शिक्का लाकडावर उठवावा लागतो. प्लायवूडला ही अट नाही, कारण ते बनतानाच उष्णता, दाब आणि गोंदातून गेलेलं असतं. इथेच गफलत होते. पेटी प्लायची म्हणून निर्धास्त राहतात आणि आतल्या कडांना गावातल्या वखारीतल्या रिपा मारतात, खाली पायाला फणसाचे ठोकळे. त्या रिपा आणि ते ठोकळे साधं लाकूडच. तपासणीत शिक्का दिसला नाही तर पेटी परत पाठवणं किंवा जाळणं हे पर्याय यजमान देशाच्या हातात असतात, आणि चित्र आत असतं. शिक्क्याच्या रिपा मिळत नसतील तर रिपासुद्धा प्लायच्याच पट्ट्या एकावर एक चिकटवून कराव्या. आम्ही तसंच केलं. सुताराला वेडेपणा वाटला, पण काम झालं.

पेटी अशी: 12 मिलिमीटर प्लाय, झाकणाला खिळे नाहीत, सगळे स्क्रू, दर 15 सेंटिमीटरला एक, वायसर घालून. खिळ्यांचं झाकण तिकडे पहारीने उचकटतात आणि परतीला त्याच झाकणात खिळे धरत नाहीत. स्क्रूभोवती रंगाचा ठिपका दिला की उघडायचे स्क्रू कोणते हे परक्या माणसालाही कळतं. पायाचे ठोकळे 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे फोर्कलिफ्टचे दात खाली जातात. त्या 10 सेंटिमीटरचे वजनात आठनऊ किलो वाढतात, तरी त्यात काटकसर करू नये. पाया नसेल तर दात प्लायमधून थेट चित्रात शिरतात. आत सहाही बाजूंना 5 सेंटिमीटर ईपीई फोम, म्हणजे पॉलिथिनचा लवचिक फोम. थर्मोकोल नको, तो चुरतो आणि त्याचे दाणे स्थिर विजेने रंगाला चिकटतात. प्रत्येक चित्राला आधी सिलिकॉन लावलेला कागद, मग कोपऱ्यांना फोमचे कोन, दोन चित्रांमध्ये पुठ्ठा. हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक रंगाला थेट लावायचं नाही. अ‍ॅक्रिलिकवर त्या फुग्यांची गोल नक्षी कायमची उठते. चित्रं आडवी रचायची नाहीत, उभीच.

आणि ओल. पडवीत बसून, भर दमट दुपारी, चित्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की आपण आतली ओलही गुंडाळतो. 30 अंशांच्या आणि 85 टक्क्यांच्या हवेचं दव 27 अंशांना पडतं, म्हणजे मुंबईच्या वातानुकूलित गोदामातच आत थेंब धरायला लागतात. हीच हवा 55 टक्क्यांवर आणली तर दव 20 च्या आसपास. म्हणून एक खोली बंद करून, ओल शोषणारं यंत्र लावून, आर्द्रतामापक 55 दाखवेपर्यंत थांबायचं आणि चित्रांबरोबर प्लाय, फोम, पुठ्ठा हे सगळं दोनतीन दिवस त्याच खोलीत ठेवायचं. पुठ्ठा ओला असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून काहीही ठेवायचं नाही, चिरा पाणी धरतो.

कागदांपैकी सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो स्थिती-अहवाल, आणि सर्वांत जास्त कंटाळा त्याचाच येतो. दर चित्राचे सात फोटो: समोरून, मागून, चार कोपरे, आणि एक टॉर्च कडेने, कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरून. या शेवटच्या फोटोत तडे, फुगवटे, जुनी डागडुजी सगळं उघडं पडतं. दोन प्रती छापून एक पेटीत झाकणाच्या आत, एक आपल्याकडे. तिकडे पेटी उघडणारा त्यावर सही करतो, भरतानाही करतो. विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' घ्यावा, म्हणजे आपल्या भिंतीवरून उतरल्यापासून परत त्याच भिंतीवर येईपर्यंतचा. मात्र अपुरं पॅकिंग आणि चित्रातला मूळचा दोष बहुधा त्यातून वगळलेले असतात. म्हणजे ओल्या पुठ्ठ्याने आलेली बुरशी आपल्याच गळ्यात.

किंमत सगळीकडे एकच लिहावी: विम्यात, मालाच्या यादीत, जकातीच्या कागदावर. जकात वाचवायला एका ठिकाणी दहा हजार आणि विम्यात दीड लाख असं लिहिणारे असतात. चित्र फाटलं की कंपनी कमी आकड्याचाच कागद पुढे करते.

परत येणाऱ्या मालासाठी एटीए कार्नेट ही सोय आहे. भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. एक प्रकारे ते मालाचं पारपत्रच. वर्षभर चालतं, तिकडची जकात आणि कर भरावा लागत नाही, पण त्या रकमेची हमी इथे ठेवावी लागते. यादी एकदा दिली की त्यात सातवं चित्र घालता येत नाही, म्हणून 'बघू, एखादं वाढलं तर' हा स्वभाव इथे सोडावा. यादीत प्रत्येक चित्राचं वजन, किंमत, माप आणि ओळखू येईल असं वर्णन हवं. 'निनावी, अ‍ॅक्रिलिक' असं सहा वेळा लिहिलं तर कोणतं चित्र कोणतं हे अधिकाऱ्याने कसं ठरवायचं? चित्रामागे क्रमांक लिहावा आणि तोच यादीत.

कार्नेटवर चार शिक्के पडतात: इथून निघताना, तिकडे उतरताना, तिकडून निघताना, इथे उतरताना. तिसरा हमखास राहतो. प्रदर्शन संपलेलं असतं, तिकडच्या माणसाला घाई असते, पेटी थेट विमानतळावर जाते आणि जकात खात्याच्या खिडकीवर कोणी थांबत नाही. मग चित्रं आपल्या घरात असूनही, तिकडच्या कागदांत ती तिकडेच असतात आणि काही महिन्यांनी कराची मागणी येते. पेटीवरच ठळक अक्षरात 'आधी कार्नेट, मग विमान' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी डकवावी. आमच्या खेपेत ती चिठ्ठी होती म्हणूनच मालवाहतूक एजंटाने गाडी परत फिरवली.

विकायचं असेल तर कार्नेट चालत नाही. मग आयात-निर्यात कोड, परकी चलन घेणाऱ्या आपल्या बँकेचा एडी कोड, शिपिंग बिल म्हणजे जकात खात्याकडचा निर्यातीचा कागद, असा रस्ता. ब्रिटनमध्ये मूळ चित्रावर आयातीचा व्हॅट 5 टक्के. तिकडची गॅलरी तात्पुरत्या आयातीवर माल उतरवून घेते आणि विकलं गेलं तरच तो भरते. विक्रीत गॅलरीचा वाटा बहुधा निम्मा. करारात बघायची ओळ वेगळीच आहे: न विकलेलं चित्र परत पाठवायचा खर्च कोणाचा, आणि कधीपर्यंत. ती ओळ नसलेल्या करारांमुळे इथल्या बऱ्याच जणांची चित्रं वर्षानुवर्षं कोणाच्या तरी तळघरात आहेत.

दोन बाबी खास कोकणातल्या. इथे जुनी घरं पाडतात आणि त्यांची दारं, तुळया, कोरीव फळ्या चित्रकार उचलतात, त्यावर रंगवतात. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची कोरीव वस्तू पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. वरचा रंग काल दिलेला असला तरी खालची फळी आजोबांच्या आजोबांची असू शकते. कॅनव्हासवरच्या ताज्या चित्राला काही अडचण नाही. हयात चित्रकाराने सही-तारखेचं पत्र आणि चित्राबरोबरचा फोटो जोडला की बहुधा भागतं. फळीचं काम असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी काढावा, विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे.

दुसरी बाब माती. कातळाची भुकटी, किनाऱ्याची वाळू, काथ्या, शिंपले हे सगळं चित्रात येतं, आणि आम्हाला ते आवडतं. पण परदेशी माती हे वनस्पती-संसर्गाचं प्रकरण आहे, प्रवाळ आणि काही शंख वन्यजीव कायद्यात बसतात, मोरपिसाची निर्यातच बंद आहे. चाळलेली, भट्टीत तापवलेली आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये पूर्ण बांधलेली जांभ्याची भुकटी असेल तर माध्यमाच्या रकान्यात 'खनिज रंगद्रव्य, अ‍ॅक्रिलिक बंधक' लिहावं, कारण ते खरोखर तेच आहे. 'कोकणची लाल माती' असं काव्य तिथे नको. सुटी माती किंवा कच्चा काथ्या दिसत असेल तर मात्र लपवू नये. यजमानाकडून आधी लेखी विचारून घ्यावं.

रत्नागिरी ते मुंबईचं हवाई मालगोदाम रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. सगळ्या प्रवासात चित्राला सर्वांत जास्त हादरे इथेच बसतात, विमानात नाही. टेम्पोत पेटी प्रवासाच्या दिशेला समांतर उभी, पुढच्या बाजूला बांधलेली, मागच्या चाकांवर नाही. रात्री निघून पहाटे पोचलेलं चांगलं, पत्र्याच्या टपाखाली दुपारचं ऊन नको.

आता मजकूर. हे काम सर्वांत शेवटी, घाईत आणि भाचीकडून इंग्रजी करून घेऊन उरकलं जातं. वास्तविक भिंतीवरचे ते साठ ते ऐंशी शब्द म्हणजे चित्राशेजारी उभा असलेला चित्रकार. मापं सेंटिमीटरमध्ये आणि उंची आधी. आपल्याकडे इंचात आणि रुंदी आधी सांगायची सवय आहे. त्यामुळे तिकडे भिंतीचा आराखडा आडव्या चित्रांचा होतो आणि पेटीतून उभी चित्रं निघतात. देवनागरी शीर्षक पीडीएफ करूनच पाठवावं, नाहीतर जोडाक्षरं तुटून 'क्षितिज'ची मोडतोड भिंतीवर लागते.

शीर्षकांचं भाषांतर करताना 'कातळ'चं नुसतं 'खडक' झालं की चित्र गेलं. कातळ म्हणजे उघडा, सपाट, पावसाळ्यात चार महिने फुलणारा आणि आठ महिने भाजणारा जांभ्याचा सडा. 'खाजण' म्हणजे दलदल नव्हे. भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ती जमीन. आमचा कौल असा की शीर्षक रोमन लिपीत मराठीच ठेवावं आणि खाली एका ओळीत अर्थ द्यावा. बघणारा नवा शब्द घेऊन घरी गेला तर बिघडत नाही. आपण 'फ्रेस्को' आणि 'कोलाज' तसेच घेतले.

याच मजकुरात एक सापळाही असतो. राजापूर आणि रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून, कोकणातल्या कोणत्याही अमूर्त चित्राला परदेशी संयोजक विचारतो: यामागे ती कातळशिल्पं आहेत का? कशेळीच्या कातळावर कोरलेला भला मोठा हत्ती त्याने फोटोत पाहिलेला असतो. हो म्हटलं की मजकूर सोपा होतो, फोटो शेजारी छापता येतो, भिंतीवर जागाही वाढते. पण चित्र जर पन्हळी पत्र्यावरच्या गंजाचं असेल तर हो म्हणू नये. एकदा 'प्राचीन प्रदेशातून आलेला' हा शिक्का बसला की पुढची दहा वर्षं तुमच्याकडून तेच मागितलं जातं, आणि आधुनिक म्हणून तुमचं चित्र कोणी बघतच नाही. सूझांनी आपल्याबद्दल काय लिहिलं जावं हे स्वतः लिहून ठरवलं होतं. तेवढी लेखणी नसली तरी मसुदा मागवून घेणं, चूक तिथे रेघ मारणं आणि बदल लेखी कळवणं प्रत्येकाला जमतं. आमच्या सहापैकी दोन मजकुरांत 'लोककलेच्या परंपरेतून' हे शब्द आले होते. ते काढायला तीन ईमेल लागले.

परतीची पेटी आली की लगेच उघडायची नाही. थंड पेटी आपल्या दमट हवेत उघडली की चित्राच्या रंगावर सरळ पाणी धरतं. चोवीस तास बंद, सावलीत, जमिनीपासून वर ठेवायची. मग ठिपक्यांचे स्क्रू, अहवालाची प्रत, पुन्हा टॉर्च कडेने. आमच्या एका कॅनव्हासचा खालचा कोपरा सैल झाला होता; चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी दोन टोल्यांत आत सरकवल्यावर ताण परत आला. कार्नेटचे चारही शिक्के मोजून ते मुदतीत फिक्कीकडे परत करायचं, तेव्हाच हमी सुटते.

रिकामी पेटी फेकू नये. माळ्यावर, चार चिऱ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर, वाळवी चढली तर दिसेल अशी ठेवावी. स्क्रू कापडी पिशवीत घालून झाकणाला आतून बांधावे, आणि पिशवीवर संख्या लिहावी. आमच्या पिशवीवर 68 लिहिलेलं आहे आणि आत 66 आहेत.